मेक्सिकन चॉकलेट स्टाउट

मेक्सिकन चॉकलेट स्टाउट ही स्टाउट या गडद बिअरमध्ये कोको, सुकी मिरची, दालचिनी आणि व्हॅनिला घालून बनवली जाणारी बिअर आहे. मेक्सिकोत दालचिनी घालून पितात त्या गरम चॉकलेटची चव बिअरमध्ये उतरवणे, ही तिच्यामागची मूळ कल्पना. नावात 'मेक्सिकन' असले तरी हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लहान, स्वतंत्र कारखान्यांनी (क्राफ्ट ब्रुअरी) एकविसाव्या शतकात रूढ केला. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ८ ते १२ टक्के असते. नेहमीच्या फिकट लागर बिअरच्या सुमारे दुप्पट असे हे प्रमाण असल्याने ती लहान पेल्यातून आणि सावकाश घेतली जाते.

या बिअरच्या पेल्यात जाणवणारे चॉकलेट एकाच ठिकाणाहून आलेले नसते. काही भाजलेल्या धान्याचे, काही प्रत्यक्ष कोकोचे, तर काही व्हॅनिला व गोडव्यामुळे होणारा निव्वळ भास असतो. हे पदर वेगळे ओळखणे हाच तिच्या आस्वादनाचा गाभा आहे.

नावातील 'चॉकलेट'

बाटलीवर 'चॉकलेट स्टाउट' असे लिहिलेले असले म्हणजे आत चॉकलेट असतेच असे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीची १९९४ पासूनची 'ब्लॅक चॉकलेट स्टाउट' ही बिअर प्रसिद्ध आहे, पण तिच्यात कोको अजिबात नाही. तिची चॉकलेटसारखी चव केवळ भाजलेल्या माल्टमधून येते.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू (बार्ली). हे माल्ट सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वर भाजले की गडद तपकिरी होते. त्याला व्यापारात 'चॉकलेट माल्ट' म्हणतात, आणि हे नाव मुख्यतः रंगावरून पडले आहे. मात्र वासातील साम्यही काल्पनिक नाही. कोकोच्या बिया भाजताना आणि सातू भाजताना शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात एकच रासायनिक अभिक्रिया होते. तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. तिच्यातून पायराझिन गटातील खमंग वासाची संयुगे तयार होतात. तसेच माल्ट आणि चॉकलेट या दोहोंची आठवण करून देणारे ३-मिथिलब्युटॅनाल यासारखे अल्डिहाइडही तयार होतात. भाजलेल्या सातूला चॉकलेटचा वास येतो म्हणण्यापेक्षा दोन्हींना भाजण्याचा वास येतो, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर ही गडद बिअर लोकप्रिय होती. तिच्यातील अधिक कडक प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणत आणि पुढे 'स्टाउट' हेच नाव उरले. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर माल्ट न जाळता जवळजवळ काळे होईपर्यंत भाजता येऊ लागले आणि थोड्या काळ्या माल्टवर संपूर्ण बिअरला रंग देणे शक्य झाले. लंडनच्या साउथवर्क भागातील कारखान्यातून रशियाच्या दरबारी जाणारी कडक स्टाउट 'इंपीरियल' म्हणून ओळखली गेली. आजच्या मसालेदार स्टाउट बहुतेक याच इंपीरियल स्टाउटच्या पायावर उभ्या आहेत. काही मात्र दुग्धशर्करा (लॅक्टोज) घातलेल्या 'मिल्क स्टाउट'वर आधारलेल्या असतात.

दुसरा धागा मध्य अमेरिकेचा आहे. होंडुरासमधील पुएर्तो एस्कोंदिदो येथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांत कोकोचे रासायनिक अवशेष मिळाले. ही भांडी इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातील आहेत. तेथे आरंभी कोकोच्या फळातील गोड गर आंबवून मद्य केले जात असावे, असे या संशोधनात मांडले गेले. संशोधनाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या आधारे डॉगफिश हेड या अमेरिकी कारखान्याने २००८ मध्ये 'थिओब्रोमा' ही कोको, मध व मिरची घातलेली बिअर काढली. ती गडद नव्हती.

ॲझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची आणि व्हॅनिला घालत. पण ते पेय बिअर नव्हते, त्यात दालचिनी नव्हती, दूध व उसाची साखरही नव्हती. हे पदार्थ स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आले. दालचिनी मूळची श्रीलंकेची, जायफळ इंडोनेशियातील बांदा बेटांचे आणि सातू पश्चिम आशियातील. त्यामुळे अशा बिअरच्या वेष्टनावरील 'प्राचीन ॲझ्टेक पाककृती' हे वर्णन फार तर अर्धे खरे मानावे. त्याच सोळाव्या शतकातील सागरी व्यापारात मिरचीने उलट दिशेचा प्रवास केला आणि पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात पोहोचली.

घटक आणि कृती

कोको बहुधा भाजून फोडलेल्या बियांच्या तुकड्यांच्या (निब) रूपात वापरतात. मुख्य किण्वन संपल्यावर हे तुकडे काही दिवस बिअरमध्ये भिजत ठेवतात. सुमारे २० लिटर बिअरला १०० ते २०० ग्रॅम तुकडे हे घरगुती कृतींतील नेहमीचे प्रमाण आहे. तयार चॉकलेट घालणे सोपे वाटले तरी त्यातील चरबी अडचणीची ठरते. कोकोच्या बियांमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते आणि चरबीने बिअरचा फेस बसतो. तुकड्यांमधून ती तुलनेने कमी उतरते.

मिरचीची निवड सर्वांत जोखमीची. आंचो आणि पासिया या सुक्या मेक्सिकन मिरच्या सौम्य असतात. तिखटापेक्षा त्यांचा मनुका आणि सुक्या फळांसारखा वास महत्त्वाचा. आपल्याकडे ब्याडगी मिरची तिखटापेक्षा रंग व वासासाठी वापरतात, तसेच काहीसे. आंचोचा तिखटपणा स्कोव्हिल मापनानुसार १,००० ते २,००० असतो, तर हाबानेरोचा एक लाखाच्या वर जातो. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळते. म्हणून अनेक कारागीर मिरची आधी थोड्या व्होडकामध्ये भिजवून अर्क काढतात आणि चव पाहत थेंबाथेंबाने तो बिअरमध्ये मिसळतात. एकदा पडलेला तिखटपणा परत काढता येत नाही.

मेक्सिकोत वापरली जाणारी 'कानेला' ही श्रीलंकेची नाजूक दालचिनी आहे. अमेरिकेच्या बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची, झणझणीत कॅसिया. दोन्हींची बिअर वेगळी लागते. दुग्धशर्करा वापरली असल्यास बिअरच्या यीस्टला ती आंबवता येत नाही, त्यामुळे ती शेवटपर्यंत टिकते आणि सौम्य गोडवा व दाटपणा देते.

आस्वादन

फार थंड बिअरमध्ये वास दबून राहतात. या प्रकारासाठी १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. शीतकपाटातून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते. पेला तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास वरच्या भागात साठतो. पेला एकतृतीयांशच भरतात.

रंग काळा दिसतो, पण पेला प्रकाशापुढे धरल्यास कडांना माणकासारखी लालसर झाक दिसते. फेस तपकिरी असतो. तो लवकर बसला तर त्याचे कारण कोकोची चरबी किंवा जास्त अल्कोहोल असू शकते, आणि या प्रकारात तो मोठा दोष मानत नाहीत.

वास घेताना आधी पेला न हलवता दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. दालचिनी आणि व्हॅनिला यांचे वास चटकन पुढे येतात. भाजलेल्या माल्टचा वास त्यांच्यामागून येतो, आणि त्याच्यासाठी मराठीत दोन चांगले शब्द आहेत: खरपूस आणि करपट. खरपूसपणा म्हणजे भाजणी नीट झाल्याचा वास, तर करपटपणा म्हणजे तीच भाजणी हाताबाहेर गेल्याचा. उत्तम स्टाउट पहिल्याच्या अगदी टोकाला जाऊन थांबते. खऱ्या कोकोचा वास यांहून कोरडा, भुकटीसारखा आणि किंचित आंबूस मातकट असतो. वास दुधाच्या चॉकलेटसारखा गोड येत असेल, तर तो बहुधा कोकोपेक्षा व्हॅनिलाचा प्रभाव असतो.

जीभ आणि नाक यांची कामे वेगळी करण्याचा एक साधा प्रयोग आहे. नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. तेव्हा कडू, गोड, किंचित आंबट आणि तिखट एवढेच कळते. घोट गिळून नाक सोडताच चॉकलेट, दालचिनी व व्हॅनिला एकदम उमटतात. चॉकलेट ही जिभेची चव नसून घशामागून नाकात चढणारा वास आहे, हे यावरून ध्यानात येते. जिभेवर राहतो तो कडवटपणा. त्यातही हॉप फुलांचा कडवटपणा स्वच्छ असतो व जिभेच्या मागे रेंगाळतो, भाजलेल्या धान्याचा काळ्या कॉफीसारखा असतो, आणि कोकोतील थिओब्रोमिनच्या कडवटपणाला तुरटपणाची साथ असते. पहिल्याच घोटात हे तीन वेगळे ओळखू येत नाहीत. मसाले न घातलेली तीच मूळ बिअर शेजारी ठेवून तुलना केल्यास फरक लवकर उमगतो. काही कारखाने यासाठी दोन्ही उपलब्ध करतात.

तिखट हा स्वतंत्र विषय आहे. परंपरागत षड्रसांत तिखटाला 'कटु' या नावाने रस म्हणून स्थान आहे, पण आधुनिक शरीरक्रियाविज्ञान त्याला चव मानत नाही. कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला चेतवते. हीच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता मेंदूला कळवते. तिचा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि या कार्यासाठी त्यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अल्कोहोलही याच ग्राहीची संवेदनशीलता वाढवतो व तिचा उष्णतेचा उंबरठा शरीराच्या तापमानाच्या खाली आणतो. म्हणून मिरची आणि १० टक्के अल्कोहोल एकत्र आले की दोघांची मिळून होणारी जळजळ बेरजेपेक्षा अधिक भासते.

तरीही दोन्ही ओळखता येतात. अल्कोहोलची ऊब घोट गिळताच नाकाकडे व छातीत पसरते आणि लगेच ओसरते. मिरची उशिरा येते, घशाच्या मागच्या भागात बसते आणि प्रत्येक घोटाबरोबर वाढत जाते. त्यामुळे दोन घोटांत निदान मिनिटभराचे अंतर ठेवणे आवश्यक आहे; नाहीतर चौथ्या घोटापासून फक्त तिखटच कळते. तोंड पोळल्यास पाण्याचा उपयोग होत नाही. दूध उपयोगी पडते, कारण त्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते. अनेक बिअर एकत्र चाखायच्या असतील तर मिरचीची बिअर शेवटी ठेवतात.

पेल्यातील बिअर हळूहळू कोमट होत जाते, तशी तिची मांडणी बदलते. आरंभी मसाला पुढे असतो, मग कोको उघडतो आणि शेवटी गोडवा व अल्कोहोल वर येतात. चांगली बिअर या शेवटच्या टप्प्यातही चिकट किंवा स्पिरिटसारखी लागत नाही.

ओळखू येणारे दोष

दालचिनीची साल जास्त काळ भिजली तर चहाच्या उकळून गेलेल्या पत्तीसारखा तुरटपणा येतो. वेष्टनावर लवंग नसताना लवंगेचा वास आला, तर तो मसाल्याचा नसून ४-व्हिनाइलग्वायाकॉल या संयुगाचा असतो. ते काही यीस्टजाती तयार करतात, आणि स्टाउटमध्ये त्याचा अर्थ बहुधा रानटी यीस्टचा शिरकाव असा होतो. सोया सॉससारखा वास मृत यीस्ट फुटल्याची, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास ऑक्सिजनशी संपर्क आल्याची खूण आहे.

नवशिक्यांना सर्वांत अवघड जाणारा दोष याहून सूक्ष्म आहे. मसाला इतका पुढे असतो की खाली बिअर आहे की नाही, हेच कळत नाही. बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम) या परीक्षक-संघटनेच्या नियमावलीत अशा बिअर 'मसाला, वनस्पती किंवा भाजी यांची बिअर' या वर्गात येतात. तेथे मूळ बिअर आणि घातलेले घटक यांचा मेळ पाहिला जातो. एकूण ५० गुणांपैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात.

उल्लेखनीय बिअर

कॅलिफोर्नियातील स्टोन ब्रुइंगने २०१४ मध्ये घरगुती बिअर बनवणाऱ्यांची स्पर्धा घेतली. तिच्यातील विजेत्या कृतीवरून तिहुआना येथील इन्सुर्गेन्ते या मेक्सिकन कारखान्याच्या सहकार्याने 'शोकोवेसा' ही बिअर तयार झाली. तिच्यात कोको, कॉफी, पासिया मिरची, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला व दुग्धशर्करा आहे आणि अल्कोहोल ८.१ टक्के आहे. फ्लोरिडातील टॅम्पा येथील सिगार सिटीच्या 'हुनाहपू' या इंपीरियल स्टाउटचे नाव माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथातील वीरावरून घेतले आहे. तिच्यात आंचो व पासिया अशा दोन्ही मिरच्या वापरतात. साउथ कॅरोलिनातील वेस्टब्रुकची 'मेक्सिकन केक' हाबानेरोचा वापर करते आणि त्यामुळे तिचा तिखटपणा अधिक थेट जाणवतो. तिन्ही बिअर ताज्या असतानाच प्यायल्यास घटक स्पष्ट कळतात. साठवणीत स्टाउट मुरते, परंतु व्हॅनिला व कॉफी यांचे वास आधी विरतात, आणि काही वर्षांनी उरते ती मुख्यतः दालचिनीची झाक असलेली गोडसर इंपीरियल स्टाउट.