ढीगभर पाला, वाटीभर भाजी

तांदुळज्याची भाजी करायची असली की परातीत पाल्याचा केवढा ढीग दिसतो! निवडून, धुऊन, चिरून तो कढईत घातला की उलथनं फिरवायलाही जागा उरत नाही. मग चार-पाच मिनिटांत गंमत होते. ढीग खाली बसतो, आणखी बसतो, आणि शेवटी कढईच्या तळाशी वाटीभर भाजी उरते. बाकीची कुठं गेली? कुणी खाल्ली नाही, कुणी काढून ठेवली नाही.

स्वयंपाक करणाऱ्यांना ही गंमत पक्की ठाऊक असते. म्हणून पालेभाजीत मीठ शेवटी पडतं. ढिगाच्या अंदाजानं आधीच घातलं, तर बसलेली भाजी खारट झालीच म्हणून समजा!

चला, आज बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरची कढई जवळून बघू.

पानातलं पाणी

100 ग्रॅम तांदुळज्यात सुमारे 85 ग्रॅम पाणी असतं. म्हणजे बाबांनी बाजारातून किलोभर तांदुळजा आणला, तर त्यात साडेआठशे ग्रॅमच्या आसपास पाणीच आलं की! पण जुडी पिळली तर पाण्याची धार लागत नाही. मग ते असतं तरी कुठं?

पान असंख्य पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीत पाण्यानं भरलेली एक मोठी पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती जशी टणक होते, तशी पाण्यानं भरलेली पेशी आतून भिंतीवर दाब देते आणि टणक राहते. अशा लाखो पेशी टणक राहिल्या की पान ताठ दिसतं. जुडी उन्हात राहिली, पाणी उडालं, की पान मान टाकतं. तिचे देठ थोडा वेळ गार पाण्यात बुडवून ठेवा, ती पुन्हा टवटवीत होईल.

कढईत मात्र वेगळंच घडतं. पाण्याला अडवून धरणारं पेशीचं पातळ पटल उष्णतेनं फाटतं. पाणी बाहेर येतं आणि वाफ होऊन उडतं. शिवाय पानात पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात, तीही हवा निघून जाते. पाणी गेलं, हवा गेली, ताठपणा गेला, म्हणून ढीग बसला. पण लोह, कॅल्शियम, प्रथिनं, तंतू हे सगळं जवळपास तेवढंच राहिलं. वाटीभर शिजलेल्या भाजीत ढीगभर पाल्याचा कस असतो, तो असा.

आता शेवग्याचा पाला घ्या. त्यात 100 ग्रॅममागे पाणी 75 ग्रॅमच्या आसपासच असतं, म्हणजे उरलेला कस जास्त. वजनाला वजन लावून पाहिलं, तर शेवग्याच्या पानांत दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं. आपण शेंगा आमटीत चोखून खातो आणि पाल्याकडे बघतही नाही, ही केवढी चूक!

कमी पाण्यातली हुशार रोपं

आता खरं कोडं. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. समुद्रावरून येणारे ढग घाटातच बरसतात आणि इकडे पोचेपर्यंत हलके होतात. पाटोदा, आष्टी, धारूरकडच्या बालाघाटच्या माळावर तर जमीनही उथळ. अशा ठिकाणी 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅम पाणी बाळगणारी पानं उगवतात कशी?

झाडाची अडचण आधी समजून घेऊ. अन्न तयार करायला त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानावरची पर्णरंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडावी लागतात. पण छिद्रं उघडली की आतलं पाणी बाहेर पळतं! भर उन्हात तर फारच.

यावर तांदुळज्यानं एक युक्ती काढलीय. थोडासा कार्बन डायऑक्साइड मिळाला तरी तो झटकन पकडायचा, त्याचं चार कार्बनचं आम्ल बनवायचं आणि मग पानाच्या आतल्या खास पेशींत नेऊन वापरायचा. काम लवकर उरकतं, म्हणून छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत. या पद्धतीला ‘सी-फोर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 साली उसाच्या पानांचा अभ्यास करून ती उलगडून सांगितली.

हो, तोच ऊस! बीड जिल्ह्यातले कितीतरी मुलगे-मुली दिवाळीच्या सुमाराला आईबाबांबरोबर ऊसतोडीला जातात, फडाजवळच्या कोपीत राहतात. त्यांनी हातात धरलेलं उसाचं पान, भाकरीची ज्वारी आणि सरीत आपोआप उगवलेला तांदुळजा, तिघांची अन्न बनवायची युक्ती एकच. ऊस मात्र वर्षभर शेतात उभा असतो आणि वाढतोही प्रचंड, म्हणून त्याला एकूण पाणी भरपूर लागतं. तांदुळजा महिनाभरात ताटात येतो.

यापुढची कमाल घोळाची. घोळ म्हणजे जमिनीलगत पसरणारी, लालसर देठाची, जाड गुबगुबीत पानांची ती रानभाजी. पाऊस पडला की बांधावर, वावरात, अंगणातसुद्धा उगवते. घोळाकडे सी-फोरची युक्ती आहेच, पण पाऊस ताणला की तो दुसरी युक्ती वापरायला लागतो. दिवसा छिद्रं बंद आणि रात्री उघडी! गार रात्री कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, मॅलिक आम्ल करून रिक्तिकेत साठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, छिद्रं मिटलेली ठेवून, त्या साठ्यातून अन्न बनवायचं. निवडुंगही असंच करतो. पण या दोन्ही युक्त्या एकाच झाडात क्वचितच सापडतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2022 साली दाखवून दिलं, की घोळाच्या पानात दोन्ही युक्त्या एकाच पेशीत, एकमेकींत गुंफून चालतात.

याचा पुरावा जिभेवरही मिळतो. रात्रभर आम्ल साठलेलं असतं, म्हणून कोरड्या जमिनीतला घोळ सकाळी जास्त आंबट लागतो आणि संध्याकाळी कमी.

तडतड आणि घमघमाट

चला, आता चूल पेटवू. दक्षिणेत अशा परतलेल्या भाजीला तमिळ लोक पोरियल म्हणतात, केरळात तोरन, कर्नाटकात पल्य. तिथं शेवग्याचा पाला फार आवडीनं खातात. मोहरी, उडदाची डाळ, लाल मिरची, कढीपत्ता यांची फोडणी, त्यात पाला, आणि वरून खवलेलं ओलं खोबरं.

बीडकडे नारळाची बाग कुठून आणणार? इथं मोहरी-जिऱ्याची फोडणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, मग पाला, आणि शेवटी मूठभर शेंगदाण्याचा कूट. सोबत गरम भाकरी. साहित्य वेगळं, पण शास्त्र तेच.

मोहरी का तडतडते? इवल्याशा दाण्यात थोडं पाणी असतंच. तेल तापलं की त्याची वाफ होते, वाफेला जागा पुरत नाही, आणि दाण्याचं साल फोडून ती बाहेर पडते. तडतड म्हणजे वाफेची सुटका. म्हणून मोहरी टाकताना तोंड कढईवर नेऊ नका!

लसूण का ठेचतात? अख्खी पाकळी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. ठेचा, की घमघमाट सुटतो. पाकळीत दोन पदार्थ वेगवेगळे बंद करून ठेवलेले असतात. ठेचल्यावर भिंती तुटतात, दोघे एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन नावाचा उग्र वासाचा पदार्थ तयार होतो. लसणाला किडीपासून वाचवण्यासाठीची ही तयारी, आपल्याला मात्र त्यानं भूक लागते.

आणि तेल, खोबरं, कूट कशाला? पालेभाजीत बीटा-कॅरोटीन असतं. त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. खोबऱ्यानं असो की शेंगदाण्यानं, त्याला शरीरात शिरायला तेलाची सोबत मिळाली म्हणजे झालं.

हिरवा रंग कुठं पळतो?

पाला कढईत पडला की पहिल्या मिनिटात तो आणखी हिरवागार दिसतो. पेशींमधली हवा निघून गेल्यामुळे आतला रंग स्पष्ट दिसायला लागतो. पण झाकण ठेवून खूप वेळ शिजवला, तर तोच पाला शेवाळी, मातकट दिसू लागतो.

हिरव्या रंगाचं हरितद्रव्य हे एक कडं असतं आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. पेशी फाटल्यावर पानातलीच आम्लं मोकळी होतात आणि त्या मॅग्नेशियमला बाहेर ढकलतात. मॅग्नेशियम गेलं की हिरवेपणा गेला. झाकण काढलं तर काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, म्हणून झाकण न ठेवता परतलेली भाजी हिरवी राहते. अंबाडी किंवा चुका मुळातच आंबट, त्यांचा रंग कढईत पडताच बदलतो. कुणी रंग राखायला खायचा सोडा घालतात, पण त्यानं क जीवनसत्त्व नष्ट होतं. सोडा नकोच.

आता या कड्याची एक विलक्षण गोष्ट. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही जवळजवळ असंच कडं असतं. फक्त मधोमध मॅग्नेशियमऐवजी लोह! एकाचा रंग हिरवा, दुसऱ्याचा लाल. या दोन्हींच्या रचनेचा शोध घेणाऱ्या हान्स फिशर या जर्मन शास्त्रज्ञाला 1930 साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

लोखंडी कढई आणि लिंबाची फोड

रक्तासाठी लोह हवंच. कमी पडलं तर दम लागतो, चेहरा फिकट दिसतो, वर्गात लक्ष लागत नाही. पालेभाजीत लोह असतं, पण ते आपल्या आतड्याला सहज शोषून घेता येत नाही. क जीवनसत्त्व त्याच्या मदतीला येतं. पानांतलं क जीवनसत्त्व शिजताना बरंच कमी होतं, म्हणून ताटात वाढल्यावर भाजीवर लिंबू पिळायचं. जेवणाबरोबर चहा प्यायचा नाही, कारण चहातले पदार्थ लोहाला अडवतात.

लोखंडी कढईत भाजी केली तर कढईचं थोडं लोहही भाजीत उतरतं, आंबट भाजीत जास्तच. मात्र भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर ती काळी पडते.

आणि पाला आधी धुवायचा, मग चिरायचा. चिरून धुतला तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर मोरीत जातात.

करून बघा

1. भाजी निवडल्यावर पाल्याचं वजन करा आणि शिजल्यावर भाजीचं करा. किती पाणी उडालं, ते वजाबाकी करून काढा. तेल आणि डाळ आधी वेगळी मोजायला विसरू नका.

2. शिजलेली हिरवी भाजी दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत नको. अर्ध्या तासानं रंग ताडून पाहा.

3. पाऊस ताणलेला असताना एकाच जागचा घोळ सकाळी आणि संध्याकाळी आणा. स्वच्छ धुऊन दोन-दोन पानं चाखा आणि चव वहीत लिहा.

गरम तेलाजवळ मोठं माणूस हवंच. रानभाजी स्वतःच्या अंदाजानं खुडू नका. घोळासारखी दिसणारी दुसरी रोपंही असतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर तो घोळ नव्हे! तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातला आणि गटाराकडेचा पाला कधीच घेऊ नका. घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल, तर घोळ आणि चुका डॉक्टरांना विचारूनच.

दक्षिणेची एक भेट आपल्या दाराशीही आलेली आहे. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या उद्यानविद्या महाविद्यालयात तयार झालेली पीकेएम-1 ही शेवग्याची जात महाराष्ट्रातही अनेक शेतकरी लावतात. शेवग्याला पाणी थोडं लागतं आणि तो वाढतो भराभर. शाळेच्या कुंपणाशी एक झाड लावलं, तर शेंगा मिळतीलच, पालाही बारा महिने मिळेल.

तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, ही आपल्या भागातल्या आज्यांना पाठ असलेली नावं आहेत. पण ती पुस्तकात फारशी नाहीत आणि नवी पिढी ती झपाट्यानं विसरत चाललीय. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथं जरूर जा. त्याआधी एक वही करा. आजीला, शेजारच्या मावशीला, शेतात निंदायला जाणाऱ्या काकूला विचारा: ही भाजी कोणती, कधी येते, ओळखायची कशी, करायची कशी? उत्तरं लिहून ठेवा, पान वाळवून शेजारी चिकटवा. दहा भाज्यांची वही पुरी झाली की शाळेत बाईंना दाखवा. हे ज्ञान टिकवायचं काम आता तुमच्याकडे आहे.