सुई पुरुषांची, लागण बायकांना

चीनमध्ये एचआयव्हीचा पहिला मोठा उद्रेक बीजिंग-शांघायसारख्या महानगरात नव्हे, म्यानमारच्या सीमेवरच्या रुइलीत सापडला. १९८९ साली युन्नान प्रांतातल्या या भागात हेरॉइन टोचून घेणाऱ्या १४६ जणांच्या रक्तात विषाणू आढळला. त्यांत ताइ आणि जिंगपो या अल्पसंख्य जमातींचे पुरुष बरेच होते. पुढे हेरॉइनच्याच वाटेने तो सिचुआनमधल्या लियांगशानच्या डोंगरांत, यी लोकांपर्यंत पोहोचला. कामासाठी शहरात गेलेले तरुण सुईचं व्यसन घेऊन गावी परतले.

यी बायका क्वचितच सुईला हात लावतात. त्यांतल्या बहुतेकींना लागण झाली ती नवऱ्याकडून. ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ हा आरोग्यखात्यांचा आवडता सल्ला इथे कुचकामी आहे, कारण बायको एकनिष्ठच असते. त्यात शरीररचनाही तिच्या विरोधात. योनीमार्गाच्या अस्तराचं क्षेत्रफळ मोठं आणि वीर्याचा संपर्कही जास्त वेळ राहतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुरुषाच्या रक्तात विषाणू बेसुमार असतात. नेमक्या त्याच सुरुवातीच्या काळात चाचणी चकवू शकते.

मग तिने नकार द्यावा? लग्नात सासरने तिच्या माहेराला जबर वधूमूल्य मोजलेलं असतं. काडीमोड तिने मागितला, तर ते परत करण्याची वेळ माहेरावर येते. नवरा वारला, तर आपल्याकडे काही जातींत दिराशी पाट लावत, तशीच यी लोकांतही विधवेला दिराच्या घरी देण्याची रीत आहे. बाईला आसरा मिळावा आणि मुलं कुळात राहावीत, हा या रीतीचा हेतू. पण नवरा एड्सने गेला असेल, तर विषाणूही त्याच कुळात राहतो. शाळा न पाहिलेल्या अनेक बायकांना फक्त यी भाषा येते; मँडरिनमधलं भित्तिपत्रक त्यांच्यासाठी नुसतं चित्र.

एचआयव्हीवरची औषधं २००३च्या सरकारी धोरणापासून मोफत मिळू लागली. ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०११ साली दाखवलं, की बाधिताने लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे बायकोची सुरक्षितता नवऱ्याच्या रोजच्या गोळीवर अवलंबून. मला यातली खरी मेख इथेच दिसते. तो दूर ग्वांगडोंग प्रांतातल्या कारखान्यात, ती डोंगरात. आणि त्याने गोळी घेतली की नाही, हे तिला तो सांगेल तेवढंच कळणार.