कोरी चकती की झिजलेले नाणे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे-वारेचे जुळे किनारे लागतात. अशा पुळणीवर ठसा नसलेली, गुळगुळीत धातूची चकती हाती लागली, तर दोन शक्यता संभवतात. ती वाळूने आणि खाऱ्या पाण्याने झिजवलेले नाणे असेल, अथवा टांकसाळीतून ठसा न उमटताच निसटलेली कोरी चकती असेल. पहिलीला संग्राहकांच्या लेखी फारसे मोल नाही. दुसरीसाठी ते दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट रक्कम मोजतात. त्यामुळेच फसवणुकीलाही वाव राहतो.

नाणे घडते कसे, हे समजले की हा भेद उलगडतो. मुंबईच्या फोर्ट भागातील टांकसाळ १८२९ पासून उभी आहे. कोणत्याही टांकसाळीत धातूच्या पत्र्यातून प्रथम चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात आणि त्यांची कड किंचित उचलून घेतात. मग दोन ठशांमध्ये दाबून चित्र, मूल्य व साल उमटवले जाते. या अखेरच्या टप्प्यातून सुटलेली चकती क्वचित चांगल्या नाण्यांसोबत थैलीतून बाहेर पडते.

ठसा उमटवताना धातू सरकतो, घटत नाही. म्हणून कोऱ्या चकतीचे वजन पूर्ण नाण्याइतकेच भरते. झिजलेले, कानस मारलेले किंवा आम्लात बुडवलेले नाणे मात्र हलके होते. कडेचे कंगोरेही ठसा उमटतानाच पडतात. ते दिसले, तर ती चकती कोरी नव्हे. कोऱ्या चकतीचा व्यास तयार नाण्याहून किंचित कमी असतो, हीदेखील एक खूण.

यासाठीच जाणते संग्राहक कोऱ्या चकतीशेजारी त्याच धातूची साधी चिल्लर जपून ठेवतात. तुलनेवाचून चकती मुकीच असते. तुलनेलाही मर्यादा आहेत. १९८८ च्या मालिकेतील पोलादी ५० पैसे आणि २०११ च्या मालिकेतील एक रुपया, दोन्हींचे वजन ३.७९ ग्रॅम आणि व्यास सुमारे २२ मिलिमीटर. १९९२ च्या मालिकेतील रुपया व २०११ च्या मालिकेतील दोन रुपये हेही ४.८५ ग्रॅम व २५ मिलिमीटरचेच. तेव्हा 'ही रुपयाचीच चकती' असे विक्रेता छातीठोकपणे सांगू लागला, तर सावध व्हावे. चकतीवर साल नसते आणि मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली दिसणारी हिऱ्याच्या आकाराची खूणही नसते.

२५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. घरातील डब्यात पडून राहिलेली ही चिल्लर व्यवहारात निरुपयोगी असली, तरी खऱ्या-खोट्याची पारख करण्यास तीच कामी येते. तिच्या जोडीला ग्रॅमचा शतांश दाखवणारा लहान वजनकाटा असला, की मोठी किंमत मोजण्यापूर्वी घरबसल्या खातरजमा करता येते.