सरासरीत हरवलेला जिल्हा

२७ ऑगस्ट १९४९ रोजी सोलापूरची जुनी गिरणी बंद पडली. कागदोपत्री तिचे नाव ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात उभी राहिलेली ही शहरातली पहिली कापड गिरणी. कारभारातल्या गोंधळामुळे तिला टाळे लागले आणि हजारो घरांची चूल अडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून गिरणीचा कारभार हाती घेतला, एप्रिलमध्ये त्याचा कायदा केला. त्यावर एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. देशात शेकडो गिरण्या असताना एकट्या सोलापूरच्या कंपनीसाठी वेगळा कायदा कसा, समानतेच्या हक्काचे काय, असा त्याचा सवाल होता. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितले, की एखाद्याची परिस्थिती खरोखरच वेगळी असेल तर तो एकटासुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकतो. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात मालमत्तेच्या हक्काच्या मुद्द्यावर सरकार हरले. पण वर्गीकरणाचे ते तत्त्व टिकले आणि कायद्याचे विद्यार्थी ते आजही शिकतात.

अर्थशास्त्रज्ञांनीही हा खटला वाचायला हवा. प्रदेशांच्या विकासाचा अभ्यास करताना सर्वांत आधी हेच ठरवावे लागते, की कोणाला कोणाबरोबर मोजायचे. हिशेबाचा घटक चुकला की पुढचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत गेली कित्येक दशके हेच घडत आले आहे, असे माझे मत आहे.

सोलापूरचा उद्योग मुळात उभा कसा राहिला, तिथून सुरुवात करू. १८६० मध्ये रेल्वे आली. मुंबईचा बाजार जवळ आला, आसपासच्या काळ्या रानातला कापूस गाडीत चढू लागला. पण त्याआधीपासून इथे माग होते. साळी, कोष्टी, मोमीन आणि निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर. दुष्काळ पडला की तेलंगणातून आणखी कुटुंबे येत आणि शहराच्या पूर्व भागात नातलगांच्या आसऱ्याने माग मांडत. जुन्या गिरणीनंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू आणि जाम या गिरण्या निघाल्या. १९०१ च्या जनगणनेत ७५,२८८ वस्तीचे हे गाव मुंबई इलाख्यातले एक प्रमुख गिरणगाव झाले. गिरणीत सूत निघे, ते मागावर जाई. मागावर हात बसलेला पोरगा गिरणीत जाई. रंगारी, कांडीवाले, सुताचे व्यापारी, मागाचे सुटे भाग करणारे लोहार-सुतार, सगळे दोन-चार पेठांच्या अंतरात. एकाच धंद्यातली असंख्य छोटी घरे एकमेकांच्या आधाराने जगतात, तेव्हा त्या धंद्याचे कसब साऱ्या वस्तीचे होते, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लिहिले. त्यांच्यासमोर इंग्लंडातली कारखानदारीची गावे होती. पण साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक ओळखणाऱ्या माणसाला ते वर्णन परके वाटणार नाही.

सोलापूरचे भाग्य असे, की हे शहर लवकर अभ्यासले गेले. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२८ मध्ये निघाला. आजही औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक ज्या मोजक्या केंद्रांवरून काढतात, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर सोलापूर असते, त्याची मुळे इतकी जुनी आहेत. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिच्या वतीने एन. एम. जोशी यांनी दख्खनमधल्या शहरी कारागिरीचा अभ्यास करून १९३६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. हातमागाचा विचार त्यात आहेच. आणि १९६५ मध्ये संस्थेचे संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ यांचा ‘शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’ हा ग्रंथ आला. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले, राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचे सूत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हेच गाडगीळ. इतक्या उंचीच्या माणसाला एका शहराच्या आर्थिक-सामाजिक जीवनावर ग्रंथ करावासा वाटला, याचे मोल आपण ओळखलेले नाही.

गाडगीळांच्या परंपरेचा विशेष असा, की तिथे अभ्यासाची सुरुवात उंबरठ्यापासून होते. घरात माणसे किती, कमावती किती, कोण कुठून आले, माग स्वतःचा की मालकाचा, सूत रोखीने की उधारीने, कर्ज कोणाचे. सोलापूरसारख्या शहराला याशिवाय दुसरी कोणतीही रीत लागू पडत नाही, कारण इथे उत्पन्नाचा घटक एकटा माणूस नाही, कुटुंब आहे. पूर्व भागातल्या घरात पुरुष यंत्रमागावर जातो, बाई घरी विड्या वळते. मागाला मंदी आली की विडीवर घर चालते. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी मिळते. पण पान खराब निघाले, विडी नापास झाली तर त्याचा भार वळणारीवरच पडतो. मागावर पडेल त्या दराची मजुरी टिकून राहिली, ती विडीच्या पैशाने घराची उरलेली गरज भागवली म्हणून. एका धंद्याच्या कमी मजुरीला दुसरा धंदा असा टेकू देत राहिला. कारखान्यांची आकडेवारी वेगळ्या रकान्यात आणि विडीची वेगळ्या रकान्यात ठेवणाऱ्या सरकारी तक्त्याला ही गाठ दिसणे शक्य नाही.

अमेरिकन इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर २०१२ मध्ये पुस्तक लिहिले, त्यात सोलापूर आहे. कारागीर, व्यापारी आणि छोटे कारखानदार यांच्या देवघेवीतून असंघटित अर्थव्यवस्था कशी घडत गेली, याचा १८७० ते १९६० या काळाचा हा इतिहास आहे. त्यावरून एक गोष्ट पटते. आपण ‘असंघटित क्षेत्र’ ही गिरण्या बंद पडल्यावरची पडझड समजतो. सोलापुरात ते गिरण्यांच्या सोबतीने, त्यांच्या सावलीत वाढले होते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी शहर मेले नाही. यंत्रमाग होते. जेकार्डची सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल होते. दोन्हींनाही भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, बाजाराला मिळत नाही. पानिपतहून येणाऱ्या स्वस्त मालाने चादरीची बाजारपेठ पोखरली आणि कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना ही गिरणीने दिलेली सुरक्षा यंत्रमागावर कधी पोहोचलीच नाही.

आता धोरणाकडे वळू. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला समतोल विकासाचे आश्वासन दिले. ते पाळले गेले का, हे मोजण्यासाठी १९८३ मध्ये सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दांडेकर हे गोखले संस्थेचेच माजी संचालक. समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत जिल्हा हा घटक धरून राज्याच्या सरासरीपेक्षा किती कमी, ते काढले आणि त्या तुटीला ‘अनुशेष’ म्हटले. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला : विदर्भाचा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के. काम प्रामाणिक होते. विदर्भ-मराठवाड्याची मागणी न्याय्य होती आणि आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण अहवालानंतरची चर्चा जिल्ह्यावरून तीन विभागांवर गेली आणि तिथेच राहिली. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे आली, तीही तीनच. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या सगळ्या काळात सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त होते. महसुली दृष्टीने ते पुणे विभागात येते, सोबत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर. राजकीय बोलीत ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हणजे सधन भाग. पिंपरी-चिंचवडचे कारखाने, हिंजवडीची संगणक संकुले, कोल्हापूरचा ऊस आणि साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा सोलापूर जिल्हा यांची एकच सरासरी काढली, की तिच्यात सोलापूर दिसेनासे होते. राज्याच्या आर्थिक पाहणीत सोलापूरचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीखाली असते, पुण्याचे बरेच वर.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अनुशेष म्हणजे सरकारने जे बांधले नाही त्याचा हिशेब. जे होते आणि गेले, त्याचा हिशेब त्यात बसत नाही. रस्ता नसणे हा अनुशेष. गिरणी बंद पडून तिथला कारागीर निम्म्या मजुरीवर येणे, हा कोणत्याच तक्त्यातला अनुशेष नाही. मागास प्रदेशासाठी आपल्याकडे शब्द आहे, समिती आहे, निधीचे सूत्र आहे. एकेकाळी पुढे असलेल्या आणि मागे पडलेल्या प्रदेशासाठी यातले काहीही नाही. इंग्लंडातले लँकेशायर, जर्मनीतला ऱ्हूरचा कोळसापट्टा यांच्यासाठी युरोपात उद्योग गमावलेला प्रदेश अशी वेगळी श्रेणी करून निधी दिला गेला. महाराष्ट्रात मुंबईच्या गिरणगावाच्या जमिनींवर पुष्कळ बोलले गेले; सोलापूरच्या गिरणगावावर राज्याचे धोरण असे झालेच नाही.

जिल्ह्याच्या आतही सरासरी असाच पडदा टाकते. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणूनच ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असते. उजनीने माढा, पंढरपूर, मोहोळचे रूप पालटले. माळशिरसला तर त्याही आधीपासून नीरेच्या कालव्याचे पाणी आहे. तिथे माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकातच स्वतःचा साखर कारखाना काढला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर अग्रभागी आहे. आणि याच जिल्ह्यात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, मोहोळच्या केंद्रातून निवडलेली मालदांडी ज्वारी देशभर गेली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे. एका जिल्ह्यात ऊस आणि मालदांडी. सिंचनाचा जिल्हावार आकडा उसाचा असतो. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांची पाण्यासाठीची जुनी लढाई आणि अक्कलकोटचा जिरायत शेतकरी त्याच आकड्यात विरून जातात. सोलापूर शहराला अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी मिळाले, तेही नदीतून कित्येक पट पाणी सोडून. समांतर जलवाहिनी कागदावरून जमिनीवर यायला दीर्घ काळ गेला.

प्रादेशिक समतोलासाठी नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरण्याची दिशा दाखवली. त्याला विदर्भ-मराठवाड्यातून विरोध झाला, कारण त्यामुळे विभागाचा हक्क पातळ होईल अशी रास्त भीती होती. तरीही मला ती दिशा योग्य वाटते. विभागाचा अनुशेष आणि तालुक्याचे वास्तव हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकाने दुसरा पुसण्याची गरज नाही.

मग प्रश्न येतो पुण्याच्या ओढीचा. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये मांडले, की वाढते केंद्र आसपासच्या प्रदेशाला बाजार आणि काम देते, पण त्याचबरोबर तिथली तरुण माणसे, भांडवल आणि कौशल्य ओढूनही घेते. बाजारावर सोडले तर दुसरा परिणाम बहुधा जड ठरतो. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. सोलापूर शहराची ८,७२,४७८ वरून ९,५१,५५८, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. ज्या शहराने शतकभर तेलंगणा, कर्नाटक, मराठवाड्यातून माणसे आणली, ते आता माणसे पाठवणारे शहर झाले आहे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा पुण्याची गाडी धरतो आणि त्याच्या शिक्षणावरचा खर्च सोलापूरच्या माग-विडीतून झालेला असतो.

उलट बाजूने पाहिले, तर सोलापूर स्वतःही एक केंद्र आहे. तुळजापूर, उमरग्याचा रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यात येतो. विजयपूर, कलबुर्गीकडचा व्यापारी इथल्या बाजारात असतो. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकत्र नांदतात. या शहराचा खरा प्रदेश दोन राज्यांत आणि पूर्वीच्या दोन विकास मंडळांच्या हद्दीत विभागलेला आहे आणि त्या प्रदेशासाठी एकत्र नियोजन करणारी कोणतीच संस्था नाही.

सोलापूरला वेगळा वर्ग मानले की काय होऊ शकते, याचे उदाहरण शहराच्या वेशीवरच आहे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. पुढे तिथेच रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्द केली. यामागे कामगार नेते नरसय्या आडम आणि कामगार संघटनांचा अनेक वर्षांचा लढा होता. विभागीय अनुशेषाच्या सूत्रातून ही घरे आली नसती. विडी वळणारी बाई कोण, ती किती कमावते, तिला किती हप्ता झेपतो, हे तिच्या उंबरठ्यावर जाऊन मोजणाऱ्यांमुळे ही घरे आली.

सोलापूरकडे २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. स्थापनेपासून एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले, आज अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे. एकच जिल्हा असणे ही अनेकांना त्याची मर्यादा वाटते. मला ती त्याची सर्वांत मोठी संधी वाटते. गाडगीळांच्या ग्रंथाला साठ वर्षे झाली. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांना घेऊन पूर्व भागापासून अक्कलकोटच्या जिरायत गावांपर्यंत कुटुंबवार पाहणी करावी, ती दर दहा वर्षांनी व्हावी, तिचे आकडे तालुकावार आणि पेठवार मराठीत छापले जावेत. खर्चाचा भार महापालिका, जिल्हा नियोजन समिती आणि इथले कारखानदार मिळून सहज उचलू शकतात. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे विद्यार्थी या एका विद्यापीठाकडे जितके आहेत तितके पुण्यातल्या कोणत्याही संस्थेकडे नाहीत. विद्यापीठाने हे काम येत्या शैक्षणिक वर्षात हाती घ्यावे, आणि सोलापूरकर वाचकांनी त्यासाठी आग्रह धरावा.