हवेत नंबर लागतो तेव्हा

‘रेंज फुल्ल आहे, पण नेट चालत नाही.’ पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत ही तक्रार रोज संध्याकाळी व्हायची. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं दाटीवाटीने बसलेली, प्रत्येकाजवळ फोन, बऱ्याच जणांजवळ लॅपटॉपही. मालकांनी नवा राउटर घ्यायचं जवळजवळ ठरवलंच होतं. त्याआधी त्यांनी नेटवर्कचं काम करणाऱ्या एका तरुणाला बोलावलं आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ स्क्रीन बघून तो म्हणाला, “काका, राउटर चांगलाय. हवा भरलीय.”

त्याच्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड ‘मॉनिटर मोड’वर होतं. म्हणजे ते कुठल्याच नेटवर्कला न जोडता त्या चॅनलवरचं सगळं नुसतं ऐकत होतं. वायरशार्क नावाच्या प्रोग्राममध्ये एकेक पॅकेट ओळीने सरकत होतं. आतला मजकूर कुलूपबंद असतो, पण कोणी कोणाला पाठवलं, हवा किती वेळ अडवली, हे पॅकेट पहिल्यांदा आलंय की दुसऱ्यांदा, एवढं वरच्या भागात उघडं दिसतं. दुसऱ्यांदा पाठवलेल्या पॅकेटांना त्याने लाल रंग लावला होता. संध्याकाळ चढत गेली तशा लाल ओळी वाढत गेल्या.

फोनवरच्या रेंजच्या काड्या एवढंच सांगतात, की राउटर आपल्याला किती स्पष्ट ऐकू येतोय. आपला नंबर कधी लागेल, हे त्यांच्यात कुठेच नसतं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले, तर सहसा दोघांचंही वाया जातं. आणि हा नंबर लावून देणारं तिथे कोणी नसतं. प्रत्येक यंत्र स्वतःलाच आवरतं. ते कसं, हे पाहण्यासारखं आहे.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या मूळ पद्धतीत यंत्र आधी ३४ मायक्रोसेकंद कान देऊन ऐकतं. तेवढा वेळ सगळं शांत असेल, तर ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा काढतं आणि दर ९ मायक्रोसेकंदांना एक असा तो उलटा मोजतं. शून्य आलं की बोलायचं. मध्येच कोणी बोलायला लागलं, तर मोजणी तिथेच थांबते; चॅनल मोकळा झाला की उरलेल्या आकड्यापासून पुढे चालू होते. त्यामुळे ताटकळलेल्याचा आकडा फुकट जात नाही, हळूहळू उतरत राहतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट पोचपावतीची वाटते. पॅकेट मिळालं की समोरचं यंत्र अवघ्या १६ मायक्रोसेकंदांत पोचपावती देतं. बाकी सगळे ३४ मोजत असतात, त्यामुळे पोचपावतीच्या मध्ये कोणी घुसूच शकत नाही. कोणाला आधी बोलू द्यायचं, हे फक्त थांबण्याच्या लांबीवरून ठरतं.

दोघांचा आकडा एकच निघाला, तर मात्र टक्कर होते. ती होत असताना पाठवणाऱ्याला कळतही नाही. ढोल बडवणाऱ्याला शेजारची कुजबूज ऐकू येऊ नये, तसा यंत्राचा स्वतःचा आवाज त्याचे कान भरून टाकतो. पोचपावती आली नाही, एवढाच पुरावा. मग ते आकडा ० ते ३१ मधून काढतं, पुन्हा बिनसलं तर ० ते ६३ मधून, असं करत करत १०२३ पर्यंत. गर्दी वाढली की प्रत्येकजण आपणहून जास्त थांबतो.

हे शहाणपण एका दिवसात आलेलं नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरची टर्मिनलं रेडिओने जोडली, ते अलोहानेट. तिथे आधी ऐकण्याची अट नव्हती. मनात आलं की पाठवा, पोचपावती नाही आली तर वाटेल तेवढा वेळ थांबून पुन्हा पाठवा. त्या पद्धतीत चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. ‘आधी ऐका’ या पद्धतीचं सविस्तर गणित क्लाइनरॉक आणि टोबागी यांनी १९७५ मध्ये मांडलं आणि तिची अडचणही त्यांनीच दाखवली.

ती अडचण अभ्यासिकेत पोटमाळ्यावर बसलेली होती. पोटमाळ्याच्या टोकाचा लॅपटॉप आणि खाली दाराजवळचा फोन, दोघांनाही राउटर ऐकू येतो, पण एकमेकांचा पत्ता नाही. दोघंही हवा शांत समजून बोलतात आणि राउटरपाशी आदळतात. यावर उपाय आहे: आधी छोटी परवानगी मागायची. राउटरचं ‘बोल’ हे उत्तर दोघांनाही ऐकू येतं, त्यात किती वेळ लागणार तेही असतं, आणि दुसरा तेवढा वेळ गप्प बसतो. फिल कार्न यांनी १९९० मध्ये हौशी रेडिओवाल्यांसाठी ही कल्पना मांडली होती.

पण त्या तरुणाला खरी काळजी वेळेच्या हिशेबाची होती. ३०० मेगाबिट वेगाने १५०० बाइटचं पॅकेट ४० मायक्रोसेकंदांत जातं. त्याआधीचं थांबणंच सरासरी शंभराच्या घरात. म्हणून नवी यंत्रं एकदा नंबर लागला की अनेक पॅकेटं एकत्र बांधून पाठवतात. २.४ गिगाहर्ट्झवर तर आणखी वाईट. तिथे प्रत्येक नेटवर्क सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव पुकारतं, तेही बहुधा १ मेगाबिटच्या जुन्या संथ वेगाने. एक पुकारा दोन मिलिसेकंद खातो. आजूबाजूच्या इमारतींतली अशी वीस नावं एकाच चॅनलवर ऐकू येत असली, तर कामाचं एक अक्षर न जाता ४० टक्के वेळ संपला.

त्याने नवा राउटर घेऊ दिला नाही. जादाची नेटवर्क-नावं काढली, संथ वेग बंद केला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतले आणि पोटमाळ्यावर केबल ओढून वेगळ्या चॅनलचा एक छोटा अॅक्सेस पॉइंट लावला. लाल ओळी झपाट्याने विरळ झाल्या.

“वायफाय ६ घेतलं तर राउटरच नंबर लावून देतो म्हणे?” मालकांनी विचारलं. देतो, हे खरं आहे. त्यात राउटर चॅनलचे तुकडे पाडून एकाच वेळी अनेकांना वाटून देऊ शकतो. मात्र जुने फोनही त्याच हवेत असतात. म्हणून हे वाटप जाहीर करण्याआधी राउटरलाही इतरांसारखंच कान देऊन ऐकावं लागतं, आकडा काढावा लागतो आणि शून्यापर्यंत मोजावं लागतं.