एक प्रोसेसर, दोन खेळाडू

ऑक्टोबर २००२ मध्ये हैदराबादेत बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक झाला. अंतिम लढतीत रुस्तम कासिमजानोवला हरवून विश्वनाथन आनंदने तो जिंकला. त्याच महिन्यात बहारीनमध्ये व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाशी आठ डाव खेळला आणि सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. फ्रिट्झसाठी आठ प्रोसेसरांचा संगणक होता आणि ते आठही त्याच्याच दिमतीला. माणूस विरुद्ध यंत्र असा सामना असला की हिशेब सरळ असतो. गुंता होतो तो दोन इंजिनं एकाच प्रोसेसरवर बसली की.

आता त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावरही असा सामना लावता येतो. स्टॉकफिशसारखं इंजिन फुकट मिळतं. अडचण येते ती निकाल वाचताना.

बुद्धिबळाचं घड्याळ भिंतीवरची वेळ मोजतं, प्रोसेसरने प्रत्यक्ष केलेलं काम नाही. एकच कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्र गणन-भाग) असलेल्या संगणकावर 'अ' इंजिन चाल शोधत असताना 'ब'ही विचार करत राहिलं, तर कोअर दोघांत वाटला जातो. समोरच्याच्या वेळेत विचार करण्याला पॉन्डरिंग म्हणतात. दोघांनी केलं तर दोघांचा वेग निम्मा होतो. ते पॉन्डरिंगमधून थोडंफार भरूनही निघतं. एकानेच केलं तर तो दुसऱ्याच्या ताटातलं खातो, आणि घड्याळात मात्र दोघांची वेळ सारखीच दिसते. म्हणून एका यंत्रावरच्या सामन्यात पॉन्डरिंग बंद ठेवण्याचा रिवाज पडला. काही जुनी इंजिनं मात्र पॉन्डरिंग बंद असतानाही समोरची चाल आली का, हे सतत तपासत कोअर अडवून बसत.

चार कोअर आणि आठ थ्रेड असलेला संगणक घ्या. पॉन्डरिंग चालू ठेवून दोन्ही इंजिनांना चार-चार थ्रेड दिले, तर सगळं नीट बसलं असं वाटतं. पण एका कोअरवरचे दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत; त्यांना एकाच कोअरची गणनयंत्रणा वाटून घ्यावी लागते. एकाला सहा आणि दुसऱ्याला दोन थ्रेड दिले, तर ऑपरेटिंग सिस्टिम साधारण थ्रेडमागे वाटणी करते. इंजिन कोणाचं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. शेवटच्या पातळीची कॅश आणि मेमरीची वाट तर पॉन्डरिंग बंद ठेवून एकाच वेळी चार डाव लावले, तरी सामायिकच राहते. त्यात एकच कोअर राबत असताना प्रोसेसर जो टर्बो वेग गाठतो, तो सगळे कोअर राबू लागले की उतरतो. हैदराबादच्या मे महिन्यात बंद खोलीत हवा खेळती नसेल, तर तापल्यामुळे आणखी उतरतो.

वेग निम्मा झाला की शोधाची खोली ढोबळमानाने एका चालीने घटते. कमी वेळेच्या डावांत ती चाल महागात पडते. दहा सेकंदांच्या डावात मध्येच अँटीव्हायरस जागा झाला, तर चांगल्या स्थितीतलं इंजिनही वेळ संपून हरतं.

समान वाटणीचा हा धडा इंजिनांच्या मोठ्या चाचण्यांतही गिरवला गेला आहे. स्टॉकफिशची चाचणी २०१३ पासून 'फिशटेस्ट' या यंत्रणेवर होते. गॅरी लिन्स्कॉटने ती उभी केली आणि जगभरचे स्वयंसेवक तिला आपापले कोअर देतात. यंत्रं कमी-जास्त वेगाची असल्याने प्रत्येकाचा वेग आधी मोजून डावाची वेळ त्या प्रमाणात बदलली जाते.

घरच्या चाचणीलाही तोच नियम लागू. शंभर डावांत निम्मे बरोबरीत सुटले, तरी निकालात सुमारे पन्नास एलो मानांकन-गुणांची अनिश्चितता राहते. प्रोसेसरच्या वाटणीतला अन्याय तेवढ्यात सहज लपतो. म्हणून डाव लावण्याआधी एकेका इंजिनाला एकटं चालवून ते सेकंदाला किती स्थिती तपासतं ते टिपून ठेवावं आणि सामना सुरू असताना तोच आकडा पुन्हा पाहावा. दोन्ही आकडे जुळले, तरच हार-जीत इंजिनांची. जुळले नाहीत, तर आधी वाटणी दुरुस्त करावी आणि मग गुण मोजावेत.