घडीच्या आतली मराठी

श्रावण-भाद्रपदात बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, खामगावच्या कृषी सेवा केंद्रांत गर्दी असते. सोयाबीनवर अळी, कपाशीवर तुडतुडे. दुकानदार खोक्यातून बाटली काढून देतो. सोबतचं माहितीपत्रक बरेचदा खोक्यातच राहतं. हातात आलंच, तर पातळ कागद, घडीवर घडी, मुंगीएवढी अक्षरं आणि चार-पाच भाषांच्या रांगेत कुठेतरी मराठी.

हे पत्रक ऐच्छिक नाही. १९७१च्या कीटकनाशक नियमांनुसार त्यात वापरण्याची पद्धत, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा आणि रिकाम्या डब्याची विल्हेवाट द्यावीच लागते. बाटलीवरच्या लेबलाचा किमान एक-सोळांश भाग तिरक्या चौकोनासाठी राखावा लागतो. चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र विष, पिवळा असेल तर तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. लालाच्या वर कवटी आणि हाडं. ही कल्पना चांगली आहे, कारण अक्षरओळख नसलेल्यालाही कवटी कळते. गोची हिरव्यात आहे. सिग्नलवर हिरवा म्हणजे बिनधास्त जा; इथे तो फक्त ‘त्यातल्या त्यात कमी विषारी’ एवढंच सांगतो.

चित्रं छापली की काम झालं, असंही नाही. हातमोजे, बूट, कुलूपबंद कपाट अशी चिन्हं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने उद्योगाबरोबर १९८०च्या दशकात तयार केली. पुढे दक्षिण आफ्रिकेत शेतमजुरांना ती दाखवली, तेव्हा अनेकांनी त्यांचा भलताच अर्थ लावला.

पण खरा घोळ मात्रेचा. पत्रक बोलतं हेक्टरमध्ये, शेतकरी मोजतो पंपात. हेक्टरी हजार मिली औषध आणि पाचशे लिटर पाणी, असं लिहिलेलं असेल तर पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली पडतं. एवढं गणित बांधावर कोण करणार? मग झाकणाने माप, आणि अळी मरेना म्हणून आणखी एक झाकण. ‘पंधरा लिटरच्या पंपाला इतकं’ ही एक ओळ ठळक छापायला काय हरकत आहे?

भाषेचंही तेच. ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्यात येऊ नये’ हे वाक्य कायद्याला पुरतं, पंपवाल्याला नाही. ‘वारा पाठीवर घ्या’ म्हटलं की त्याचे पाय आपोआप वळतात. त्यातही बाटली विकत घेतो शेतमालक आणि फवारतो रोजंदारीवरचा मजूर, त्यामुळे ज्याच्या अंगावर फवारा उडतो त्याच्यापर्यंत तो कागद पोचतच नाही.

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. वाढलेली कपाशी, उकाडा, औषधांची मिश्रणं अशी कारणं पुढे आली. बुलढाण्याची कपाशीही त्याच वऱ्हाडातली.

अशा वेळी पत्रकातला उताऱ्याचा भाग कामाचा ठरतो. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट औषधावर ॲट्रोपिन देतात. सायपरमेथ्रिनवर नेमका उतारा नाही, लक्षणं पाहूनच उपचार होतात. रुग्णाच्या पोटात किंवा अंगावर काय गेलं, हे डॉक्टरला बाटली आणि पत्रक पाहून चटकन कळतं. म्हणून ‘दवाखान्यात जाताना बाटली व हा कागद सोबत न्या’ हे वाक्य वरच्याच घडीवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवं. सध्या उताऱ्याची माहिती सापडते ती बहुधा आतल्या घडीत, साठवणुकीच्या सूचनांच्या शेजारी.